सात नंबरची धसकटं

शेवटचा हार्वेस्टर सात नंबरच्या शेतातून बाहेर पडला तेव्हा ड्रायव्हरने खाली उतरून, हातमोजे झटकत, चिमेदला विचारलं, "न्हाव्याला मधेच कुणी हाक मारली की काय?"

शेत दिसत होतं तसंच. आजूबाजूचा गहू बुडाशी कापून साफ झाला होता आणि सात नंबरमध्ये मात्र गुडघाभर उंचीची पिवळी धसकटं उभी होती, जणू कुणी काम अर्धं टाकून जेवायला गेलंय. काम अर्धं नव्हतं. ते चिमेदने मुद्दाम, सगळ्या ड्रायव्हरांशी भांडून, तसं करून घेतलं होतं.

चिमेद गहू पिकवणाऱ्या कंपनीचा कृषितज्ज्ञ. पन्नाशीला टेकलेला, दार्खान शहरात शिकलेला, आणि आपल्याला कळतं ते इतरांना का कळत नाही या प्रश्नापायी टक्कल पडलेला. त्याला कळलेली गोष्ट तशी साधी होती. सेलेंगे नदीच्या या खोऱ्यात बर्फ पडतो थोडा आणि वारा सुटतो फार. नोव्हेंबरात शेतावर पडलेला बर्फ जानेवारीत खालच्या घळीत सापडतो. मेच्या मध्यावर पेरणी होते, जूनभर आकाश कोरडं ठणठणीत असतं, आणि पाऊस येतो तो जुलैत, गव्हाने जगायचं की नाही हे ठरवून टाकल्यावर. धसकटं उंच ठेवली तर बर्फ त्यांच्यात अडकतो, वसंतात जागच्या जागी जिरतो, आणि तेवढ्या ओलीवर रोप जून काढतं. नांगरलं तर बर्फही जातो आणि मातीही. दर वसंतात नांगरलेल्या शेतांवरची माती उठून राजधानीच्या दिशेने जाई. गावातली तरुण पोरं जात तशीच; आणि पोरांसारखीच तीही परत येत नसे.

हे तो इतकी वर्षं सांगत होता, की शेवटी कंपनीचे संचालक गोन्चिग साहेब कंटाळले. गोन्चिग साहेब एकेकाळचे कुस्तीगीर. चर्चा त्यांना आवडत नसे, कारण चर्चेत कुणाचा गुडघा जमिनीला टेकत नाही आणि मग कोण हरलं ते कळत नाही. त्यांनी लाल रंगाचे नवेकोरे नांगर आणून गोदामात उभे केले होते आणि येताजाता त्यांच्यावरून हात फिरवत.

"एक शेत घे," ते म्हणाले. "एक हिवाळा घे. जुलैत, नादमच्या सणाआधी, मी बघायला येतो. फरक दिसला तर नांगर विकून टाकतो. नाही दिसला तर सगळी जमीन नांगरून काढतो, आणि 'धसकट' हा शब्द तू माझ्यासमोर पुन्हा काढायचा नाहीस. जेवतानासुद्धा."

"फरक दिसेल, साहेब."

"दिसला पाहिजे. ऐकून माझं पोट भरलंय."

तर सगळा सवाल एवढाच होता: वसंतापर्यंत सात नंबरची धसकटं उभी राहिली पाहिजेत. धसकटं ही काही पळून जाणारी वस्तू नव्हे. चिमेद त्या संध्याकाळी शीळ वाजवत घरी गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो शेतावर आला तेव्हा धसकटांत मेंढ्या होत्या. मेंढ्यांमागे घोड्यावर त्याचे सासरे लुंदेग होते. त्यांचा हिवाळी तळ सात नंबरला लागूनच, टेकडीच्या आडोशाला. सात नंबर निवडताना चिमेदने मातीचा पोत, उतार आणि वाऱ्याची दिशा बघितली होती. सासऱ्यांचा पत्ता बघायचा राहून गेला होता.

"बाबा, मेंढ्या," चिमेद म्हणाला.

"हो, मेंढ्याच," लुंदेग म्हणाले. "तुला काय वाटलं?"

"या शेतात नका ना घालू."

"का? पीक निघालं ना?"

"निघालं."

"मग राखतोयस काय? वारा?"

"धसकटं राखतोय. बर्फ अडवायला."

लुंदेगनी घोडा थांबवला. आपल्या मुलीने या माणसात काय पाहिलं, याचा विचार त्यांनी बऱ्याच वर्षांपूर्वी सोडून दिला होता. तो आता पुन्हा सुरू झालेला त्यांच्या चेहऱ्यावर दिसला. "बर्फ कुठं निघालाय?"

"घळीत जातो, बाबा. वाऱ्याने."

"मग घळीतून आण. तुमच्या कंपनीकडे ट्रक आहेत."

"तसं नाही होत."

"हे बघ, जावईबापू. उन्हाळाभर आम्ही जनावरं डोंगरापलीकडे ठेवली. तुझ्या गव्हाच्या एका काडीला तोंड लावू दिलं नाही. तुमचा कायदा, आम्ही पाळला. पीक निघालं की रान सगळ्यांचं, हा आमचा कायदा. यंदा गवत बघितलंस का? माझ्या टकलावर जास्त आहे." एवढं बोलून त्यांनी, फरक लक्षात यावा म्हणून, टोपी काढून चिमेदच्या डोक्याकडे पाहिलं.

चिमेदला या बोलण्यात खोट सापडेना, हाच त्याचा त्रास होता. यंदाचा उन्हाळा खरंच कोरडा गेला होता. जनावराला थंडीच्या तोंडावर चाऱ्यावरून हाकलणाऱ्या माणसाला या खोऱ्यात कुणी चहा विचारत नाही. शिवाय त्याला दर रविवारी त्याच मेंढ्यांपैकी एखादी सासरी जेवायला वाढत.

त्याने फलक लावला. "प्रयोगाचे शेत. चराईस मनाई." दोन दिवसांत शेजारच्या दुगारच्या गाईंनी त्याला अंग घासून घासून तो आडवा केला. चिमेदने तो पुन्हा उभा केला, तेव्हा दुगार स्वतः येऊन म्हणाला, "दादा, फार सोय झाली. या पठारावर गाईला पाठ खाजवायला एक झाड नव्हतं."

मग तो गेर टू गेर, म्हणजे लोकांच्या नमद्याच्या गोल तंबूंतून, हिंडला. प्रत्येक ठिकाणी खारट दुधाचा चहा प्यायला, बर्फ, ओल, जून, सगळं समजावून सांगितलं. प्रत्येकाने मनापासून "झा, झा" म्हटलं. "झा" म्हणजे बरं, म्हणजे समजलं, म्हणजे आता चहा संपव आणि जा. त्याची पाठ वळते न वळते तोच शेळ्या सात नंबरकडे वळत.

मग त्याने कंपनीच्या पैशाने राखणदार नेमला. पुंत्साग नाव. माणूस भला, आवाज मोठा. त्याने शेताच्या कडेला आपली गेर थाटली आणि पहिल्याच आठवड्यात धसकटांत चाळीसेक शेळ्या दिसल्या.

"ह्या कुणाच्या?" चिमेदने विचारलं.

"माझ्याच की," पुंत्साग म्हणाला. "इकडं राहायला आलो तर त्यांना तिकडं कुणाच्या भरवशावर सोडू?"

"अरे, तुला शेळ्या हाकलायला ठेवलंय!"

"दुसऱ्यांच्या ना? हाकलतो की. काल तुमच्या सासऱ्यांशीसुद्धा भांडलो. ते म्हणाले, 'आधी तुझ्या हाकल.' म्हातारा माणूस, शब्दाला शब्द कोण वाढवणार?"

शेताची एक कड तोवर साफ झाली होती. चिमेद रोज गाडीतून उतरून उरलेल्या धसकटांकडे बघे, उधारीवर दिलेल्या वस्तूकडे बघावं तसा. घरी नोर्जमाला, म्हणजे बायकोला, तो म्हणाला, "तू तरी सांग तुझ्या वडलांना."

नोर्जमा दवाखान्यात परिचारिका होती; दिवसभर लोक ऐकत नाहीत अशा गोष्टी सांगण्याचा तिचा व्यवसायच होता. "मी त्यांना मीठ कमी करा म्हणून वीस वर्षं सांगतेय," ती म्हणाली. "तुझा नंबर त्यानंतर."

त्या रविवारी मात्र एक गोष्ट घडली. चिमेद सासऱ्यांबरोबर मेंढ्यांमागे खिंडीपर्यंत घोड्यावरून गेला होता. खिंडीत ओवो आहे. दगडांची जुनी मोठी रास, वर निळे रेशमी खदग, म्हणजे मानाचे पट्टे, बांधलेले, येणारा-जाणारा तीन प्रदक्षिणा घालून एक दगड वाढवतो. राशीभोवतीचं गवत पोटरीला लागेल एवढं वाढलेलं होतं. मेंढ्या त्या दिशेने निघाल्या तसे लुंदेग शीळ घालत पुढे धावले आणि त्यांनी कळप पार उतारावरून वळवून नेला.

"बाबा, एवढं गवत आहे. का नाही चारत?"

"ते त्याचं आहे."

"कुणाचं?"

"ज्याचं आहे त्याचं," लुंदेग टोपी काढत म्हणाले. "दार्खानला शिकवलं नाही वाटतं."

चिमेद घोड्यावर बसल्या बसल्या त्या गवताकडे बघत राहिला. कायद्याला, कंपनीला, फलकाला, पगारी राखणदाराला आणि जावयाला जे जमलं नव्हतं ते दगडांची एक रास, एक शब्द न बोलता, करत होती.

कॉलेजात असताना चिमेदने अंधश्रद्धेविरुद्ध वक्तृत्व स्पर्धेत बक्षीस मिळवलं होतं. ते त्याला आठवलं. मग त्याला लाल नांगर आठवले, आणि वक्तृत्व मागे पडलं.

बुधवारी पहाटे, खोऱ्यात धुकं असताना, "मातीचे नमुने घ्यायला जातो" असं सांगून तो कंपनीची पिकअप घेऊन नदीपात्रात गेला. उमेदवारीची पहिली दोन वर्षं त्याने या शेतांतले दगड वेचून नदीत टाकण्यात घालवली होती. आता तो तेच, किंवा त्यांचे भाऊबंद, परत आणत होता. सात नंबरच्या मधोमध एक उंचवटा आहे, तिथे त्याने कमरेएवढी रास रचली, मधे विलोच्या झाडाची काठी रोवली. खदग मात्र पाहिजे होता. कपाटात एक होता. 'उत्कृष्ट कृषितज्ज्ञ' म्हणून कंपनीने कधीतरी हातावर ठेवलेला. त्याच्या कोपऱ्यात कंपनीचं सूर्य आणि ओंबीचं चिन्ह छापलेलं होतं. तो कोपरा आत दुमडून त्याने गाठ मारली, मागे सरून पाहिलं, आणि त्याला जरा ओशाळल्यासारखं झालं. पण काम झकास दिसत होतं.

काम झालंही. दुसऱ्या दिवशी लुंदेग मेंढ्या घेऊन आले, थांबले, घोड्यावरून उतरले. बराच वेळ उभे राहिले. मग टोपी काढली, तीन प्रदक्षिणा घातल्या आणि कळप माघारी नेला. पुंत्सागच्या शेळ्या दोराने बांधल्या गेल्या. सगळा आठवडा सात नंबरमध्ये वाऱ्याशिवाय कुणी नव्हतं. त्या आठवड्यात चिमेद फार चांगला झोपला. नोर्जमाने एवढंच विचारलं, "कपाटातला खदग कुठाय?"

"धुवायला टाकलाय."

"खदग कुणी धुतं का?" ती म्हणाली, त्याच्याकडे नीट पाहिलं, आणि पुढे काही विचारलं नाही. ती चांगली परिचारिका होती. कुठे बोट ठेवलं की दुखतं ते तिला कळे.

दुसऱ्या आठवड्यात पोस्टातली म्हातारी आली. ओवोपुढे दूध शिंपडून तिने डोळे पुसले. "माझे आजोबा इथंच यायचे," ती म्हणाली. "सामूहिक शेतीच्या काळात ट्रॅक्टर घालून मोडला होता मेल्यांनी. इतक्या वर्षांनी परत उभा राहिला!"

चिमेदने जुने नकाशे बघितले होते. इथे कधीच ओवो नव्हता. पण आजोबांपुढे नकाशाचं काय चालणार? एका आठवड्यात खोऱ्यातल्या निम्म्या लोकांचे आजोबा इथे येऊन गेलेले निघाले. दुगारच्या आजोबांना तर इथं दृष्टान्त झाला होता. मग मोटारी यायला लागल्या. मोटारीतून यायचं, मोटारीतूनच लांबून तीन प्रदक्षिणा घालायच्या, भोंगा वाजवायचा. परीक्षा देणारी मुलं आली, शर्यतीचे घोडे आले, नवीन ट्रक घेतलेला माणूस ट्रक दाखवायला आला. प्रत्येकाने दगड आणले. भक्तांत आळशी होते; त्यांनी ते जिथे गाडी थांबली तिथेच टाकले. जे शेत निवडून निवडून हाताच्या तळव्यासारखं केलं होतं त्यात आता पेरणीयंत्राचे दात पडतील एवढे दगड झाले, आणि मोटारींच्या चाकाखाली वाटेतली धसकटं सपाट झाली. मेंढ्यांनी निदान बुडखे ठेवले असते.

"थांबव ना ह्यांना!" चिमेद पुंत्सागवर ओरडला.

"कसं थांबवू?" पुंत्साग म्हणाला. तो आता नवीन कोट घालून मोटारींना वाट दाखवत होता. "तुम्ही म्हणालात जनावरं येऊ देऊ नको. ही माणसं आहेत."

महिनाअखेरीला लुंदेगनी पुढाकार घेऊन शेजारच्या मठातून लामा आणवले. रास रीतसर झाली पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. लामा काळा चष्मा लावून स्वतः गाडी चालवत आले. मंत्र झाले, दूध झालं, गोन्चिग साहेबांनी कंपनीतर्फे मेंढी पाठवली. मग लामांनी हद्द आखायचं काढलं.

चिमेदला वाटलं, हीच वेळ. तो पुढे झाला. "गुरुजी, हद्द मोठी आखा. अख्ख्या शेताएवढी."

"अख्खं शेत?" लामांनी चष्मा वर केला. "आणि म्हाताऱ्या बायकांनी तीन प्रदक्षिणा घालायच्या म्हणजे? सकाळी निघालेली बाई परवा परत येईल."

"पण गुरुजी, बर्फ अडकायला हवा."

"कशात?"

"धसकटांत."

लामांनी लुंदेगकडे पाहिलं. लुंदेग हळूच म्हणाले, "माझा जावई. कंपनीत असतो."

"असं होय," लामा सहानुभूतीने म्हणाले. त्यांनी गाडी सुरू केली आणि राशीभोवती एक ऐसपैस वळण घेतलं. चाकं उमटली तिथे खुंट्या मारून निळी फीत बांधली. "आत जनावर नाही, नांगर नाही, कुदळ नाही. आत जायला दक्षिणेकडून एकच पाऊलवाट. प्रदक्षिणा बाहेरून."

"आणि बाहेर?" लुंदेगनी विचारलं.

"बाहेर काय! बाहेर चरू दे. जागेच्या धन्याची काही हरकत नाही."

त्याच दुपारी खोऱ्यातला प्रत्येक कळप सात नंबरमध्ये उतरला. इतके दिवस उपाशी ठेवल्याचा सगळा वचपा त्यांनी काढला. दहा दिवसांत फितीच्या बाहेर सात नंबर इतकं साफ झालं, की तो हार्वेस्टरचा ड्रायव्हर मुद्दाम गाडी थांबवून म्हणाला, "न्हावी परत आला वाटतं."

हिवाळा आला. बर्फ पडला तो थोडा. वारा आला तो भरपूर. सात नंबरवरचा बर्फ नेहमीप्रमाणे घळीत गेला. फक्त फितीच्या आत, धसकटांच्या दाटीत, तो अडकून राहिला, पांढरा, जाड, गोल, एखाद्या मोठ्या गेरचं छप्पर वर काढून जमिनीवर ठेवल्यासारखा. चिमेद महिन्यातून एकदा येऊन त्या गोलात पट्टी रोवून बघे आणि जास्तच चिडे. त्याचं सगळं म्हणणं तिथे खरं ठरून पडलं होतं, आणि ते एका गाडीच्या वळणाएवढं होतं.

मे उजाडला. सात नंबर पेरायचं होतं, आणि गोलाचं काय करायचं हा प्रश्न आला. गोल न पेरता सोडला तर दाखवायला काहीच उरत नव्हतं. चिमेद मठात गेला.

"नांगर चालणार नाही," लामा म्हणाले.

"नांगर नाहीच, गुरुजी. हे यंत्र जमीन उलथत नाही. नुसती चीर पाडतं, दाणा टाकतं, चीर मिटते. सुई टोचल्यासारखं."

"रक्त येत नाही?"

"नाही."

लामांनी विचार केला. "टोचणं चालेल. पण यंत्र सूर्याच्या दिशेनेच फिरलं पाहिजे. उलटं फिरलं तर मी जबाबदार नाही."

म्हणून सात नंबरमधला तो गोल या खोऱ्यात प्रथमच गोलाकार पेरला गेला. आधी शेतातले आणि पाऊलवाटेवरचे दगड चिमेदने स्वतः वाकून वाकून राशीवर नेऊन ठेवले. लोकांना तो भाविक झाल्याचं समाधान वाटलं. ट्रॅक्टरचा ड्रायव्हर राशीभोवती फिरत फिरत बाहेर आला आणि म्हणाला, "दादा, लोक तीन घालतात, माझ्या पन्नासेक झाल्या. आता मी निवृत्त झालो तरी चालेल."

जून कोरडा गेला. जून कोरडाच जातो. सात नंबरमधला गहू घोट्याएवढा वर आला, पिवळा पडला आणि कुणाच्या तरी परवानगीची वाट बघत थांबला. गोलातला गहू थांबला नाही. तो गडद हिरवा, दाट, मांडीपर्यंत वाढला. खिंडीतून खाली बघितलं की राखाडी-पिवळ्या कपड्यावर हिरवं ठिगळ दिसे, मधोमध दगडांची रास आणि तिच्यावर फडफडणारं निळं.

नादमच्या आधीच्या शुक्रवारी गोन्चिग साहेब आले. चिमेद तयारीत होता. त्याने गोलाच्या आत आणि बाहेर दोन खड्डे घेऊन ठेवले होते. आतला पाऊलवाटेच्या टोकाला, लामांकडून वेगळी परवानगी काढून. मूठभर माती दाबली की आतली लाडूसारखी वळत होती, बाहेरची बोटांतून पिठासारखी गळत होती. एवढं दाखवलं की आंधळ्यालाही कळलं असतं. लुंदेग, पुंत्साग, दुगार आणि आणखी चारपाच जण घोड्यांवर बसून बघत होते. नोर्जमा गाडीत बसून होती; तिला सुट्टी होती आणि नवऱ्याच्या रक्तदाबाचा अंदाज होता.

साहेब गाडीतून उतरले. त्यांनी पिवळा गहू पाहिला. हिरवा गहू पाहिला. मग राशीकडे पाहिलं, टोपी काढली आणि चालायला लागले.

"साहेब, आधी खड्डा," चिमेद म्हणाला.

साहेबांनी हातानेच त्याला गप्प केलं आणि तीन प्रदक्षिणा पुऱ्या केल्या. कुस्तीगिराच्या देहाला तीन म्हणजे थोडं नव्हे. परत आले तेव्हा त्यांचे डोळे भरून आले होते.

"चिमेद," ते म्हणाले, "फरक दिसला."

"साहेब, हा फरक बर्फाचा आहे. धसकटं उभी राहिली म्हणून बर्फ अडकला. ही माती बघा, ही—"

"बर्फ कुणी धाडला?"

"बर्फ सगळीकडेच पडला होता!"

"आणि राहिला कुठे?" साहेबांनी राशीकडे बोट केलं. घोड्यांवरच्या सगळ्यांनी माना डोलावल्या. "प्रत्येक शेतात एक ओवो. लामांना सांग. सगळी शेतं."

चिमेदच्या हातात दोन मुठी माती होती. सगळा हिवाळा त्याने जे दातांखाली धरलं होतं ते त्याच्या तोंडून एकदम बाहेर पडलं. "साहेब, हा ओवो नाही! हे दगड मी आणलेत. मी, नदीतून, कंपनीच्या पिकअपने! मेंढ्या येऊ नयेत म्हणून! यात जागेचा धनीबिनी कुणी नाही, आजोबा नाहीत, काही नाही. ही नुसती धसकटं आहेत, साहेब. धसकटं!"

नोर्जमाने गाडीची काच वर केली.

गोन्चिग साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं. मग हिरव्या गव्हाकडे. मग पुन्हा त्याच्याकडे, पण वेगळ्या नजरेने. "तू रचलास?"

"मी रचला."

"मग हाताला गुण आहे तुझ्या," साहेब म्हणाले. "बाकीचेही तूच रच."

"पण साहेब—"

"बाबा, ऐकलंत का?" पुंत्साग लुंदेगना म्हणाला. "तुमच्या जावयानेच रचलाय."

"मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे," लुंदेग म्हणाले. "खदगच्या कोपऱ्यात कंपनीचा शिक्का आहे. जोराचा वारा आला की गाठ सैल होते, दिसतो."

"माहीत होतं?" चिमेदचा आवाज फाटला. "मग प्रदक्षिणा कशाला घातल्यात?"

"अरे, ओवो काय आभाळातून पडतो? कुणीतरी माणूसच रचतो. खिंडीतलासुद्धा कुणाच्या तरी जावयाने रचला असेल." त्यांनी घोड्याला टाच मारली. "मला काय वाटलं, पोराला एवढ्या वर्षांनी अक्कल आली. म्हटलं, बोलून दाखवू नये, लाजेल."

लाल नांगर ऑगस्टमध्ये विकले गेले. साहेबांनी शब्द पाळला. जिथे ओवो तिथे नांगर नाही, आणि ओवो तर आता प्रत्येक शेतात होणार होता; एकही शेत यापुढे उलथलं जाणार नव्हतं. वर्षानुवर्षं चिमेदने जे मागितलं ते सगळं, मागितलं होतं त्याहून जास्तच, त्याला मिळालं होतं. गोदामातल्या रिकाम्या जागेकडे बघून त्याला आनंद व्हायला हवा होता. तो आनंदाची थोडा वेळ वाट बघत उभा राहिला आणि मग पिकअपकडे गेला.

नदीपात्रात लुंदेग आधीच येऊन बसले होते. चिमेद दगड उचलून पिकअपमध्ये टाकी. ते त्यातले काही उचलून परत पात्रात टाकत.

"हा का नको?"

"कुरूप आहे."

"बाबा, दगड आहे तो."

"म्हणूनच तुझी सात नंबरची रास तशी दिसते."

चिमेदने दगड खाली ठेवला. पिकअपच्या पुढच्या सीटवर सुतळीचं एक मोठं भेंडोळं होतं. लामा येण्याआधी, एकट्याने, पहाटे, हद्दी आखायच्या असं त्याने ठरवलं होतं. आणि या खेपेला त्या शेताच्या बांधापर्यंत जाणार होत्या. म्हाताऱ्यांनी हवं तर घोडा करावा.

"ती सुतळी एवढी कशाला?" लुंदेगनी विचारलं.

"मातीचे नमुने घ्यायला."

"झा, झा," लुंदेग म्हणाले आणि उठले. जाताना त्यांनी पिकअपभोवती एक चक्कर मारली, भेंडोळं हातात घेऊन त्याचा अंदाज घेतला, आणि परत ठेवलं. "नऊ नंबरमध्ये मात्र जरा आत आख," ते म्हणाले. "थंडीत माझ्या मेंढ्यांना कुठेतरी जावं लागेल की नाही?"

चिमेदने नऊ नंबरचा विचार केला. मग तो वाकून आणखी दगड शोधू लागला, जरा देखणे.